अठ्ठ्याऐंशी तरांडी, चार हजार माणसे आणि परतीचा वारा

मालवणहून कुंदापूरजवळच्या बसरूरला शिडाच्या ताफ्यातून चार हजार माणसे न्यायची आणि परत आणायची, हे काम आम्ही दोन वर्षे, दोन्ही फेब्रुवारींत, जमिनीवर मांडून चालवले. जागा बेळगावची, टिळकवाडीतल्या एका जुन्या घराचा सोपा. मांडणारे बहुतेक पलटणीतून निवृत्त झालेले, बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतले. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून इथे असल्यामुळे पायदळाची चाल, मुक्काम, शिधा यांचा हिशेब करणारी माणसे या भागात घरोघर आहेत. दर्याचा हिशेब करणारी नाहीत. आंबोली, चोर्ला, अनमोड, कोणताही घाट उतरा, समुद्र शंभर किलोमीटरच्या पुढेच आहे. तो भाग कारवारच्या जुन्या तांडेलांना (खलाशांच्या म्होरक्यांना) विचारून आणि भरती-ओहोटीचे तक्ते घेऊन भरून काढला. निपाणी, चंदगड, खानापूर इकडच्या कुणाला हीच मांडणी करायची असेल तर ती कशी करावी आणि कुठे अडते, ते पुढे लिहिले आहे.

मूळ घटना ठाऊक असलेलीच. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज स्वतः ताफ्याबरोबर मालवणहून निघाले आणि गोवा डावीकडे टाकून थेट बसरूरवर उतरले. ताफ्यात ३० ते १५० टनांची ८५ गलबते आणि तीन डोलकाठ्यांची ३ मोठी जहाजे होती, माणसे सुमारे ४०००. सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. परतीच्या वाटेवर गोकर्णाला बहुतेक ताफा पुढे पाठवून दिला, नद्या उतरायला १२ गलबते ठेवली आणि फौज पायी अंकोल्यावरून कारवारला आली. वायव्येच्या जोरदार वाऱ्याने महाराजांना या सफरीत अडकवून ठेवले होते, असेही जुन्या इतिहासलेखनात आहे. हे शेवटचे वाक्य वाचून पुढे जाणे सोपे असते. मांडणी केल्यावर कळते की सगळी मोहीम त्या वाक्याभोवती फिरते.

साहित्य थोडे लागते. किनाऱ्याचा नकाशा एका सागरी मैलाला एक सेंटिमीटर या प्रमाणात काढावा. मालवण ते कुंदापूर सरळ रेषेत सुमारे १६० सागरी मैल, म्हणजे नकाशा साधारण १६० सेंटिमीटर उंच होतो आणि भिंतीवर मावतो. ताफ्याची रचना मात्र त्या प्रमाणात दिसतच नाही, सगळी तरांडी, म्हणजे गलबते आणि जहाजे, एका ठिपक्यात बसतात. तिच्यासाठी जमिनीवर खडूने दुसरी चौकट आखावी, एक सेंटिमीटर म्हणजे २० मीटर. तरांड्यांसाठी आम्ही ८५ चिंचोके आणि ३ सुपाऱ्या घेतल्या. चिंचोक्यांवर नंबर घालावेत, कारण कोणते तरांडे हळू आहे हे लक्षात ठेवावे लागते. चाल प्रहराची ठेवावी, दिवसाला आठ. तासाची चाल ठेवली तर माणसे कंटाळतात. सहा तासांची ठेवली तर वारा मध्येच फिरतो आणि हिशेब खोटा पडतो.

वारा फासे टाकून ठरवू नये. त्या त्या दिवशी कारवारला प्रत्यक्ष जो वारा सुटला तोच धरावा. या दिवसांत किनाऱ्याचा नेहमीचा क्रम असा: पहाटे तीनच्या सुमारास जमिनीवरून मतलई सुटते, नऊपर्यंत टिकते. मग बारापर्यंत पडझड, शीड लोंबत राहते. दुपारी वायव्येकडून खारा वारा येतो, तो दिवस मावळेपर्यंत. चालीचे तास एकूण तेरा. ताशी तीन मैल धरले तर दिवसाला ३९ मैल, म्हणजे बसरूर चार-पाच दिवसांवर. हा आकडा बघून पहिल्या वर्षी वाटले होते की अवघड काहीच नाही.

पहिली अडचण बंदरातच येते. मालवणचा नांगरवाडा खडकांचा, वाट अरुंद, मोठी तरांडी काठाला लागत नाहीत. चार हजार माणसे होड्यांनी न्यावी लागतात. ३० होड्या, एका होडीत १२ माणसे, एक फेरी २० मिनिटांची, असे धरले तर तासाला १,०८० माणसे चढतात, म्हणजे जवळपास चार तास. फेरी २० मिनिटांतच होईल हे भरल्या होडीच्या बाबतीत फार आशावादी आहे, पण तेवढे धरू. आता जे तरांडे पहिल्यांदा भरले त्यातली माणसे चार तास उन्हात, हलत्या पाण्यावर, नुसती बसून राहतात. निघायच्या आधीच त्यांना उलट्या होतात आणि दिवसाचे अर्धे पाणी संपते. म्हणून भरण्याचा क्रम रांगेच्या क्रमाशी जुळवावा. वाटेच्या तोंडाशी जे उभे आहे ते आधी भरावे आणि भरले की लगेच बाहेर काढून मोकळ्या पाण्यात नांगरावे. आतले तरांडे आधी भरले तर ते बाहेरच्यांच्या मागे अडकते, आणि मतलई नऊला संपते ती त्याला मिळतच नाही. रात्री भरावे, पहाटे तीनला निघावे, हे आम्ही दुसऱ्या वर्षी केले आणि पहिल्याच दिवशी पंधरा मैल जास्त पदरात पडले.

पाण्याचा हिशेब कोरडा वाटतो, पण तो चुकला तर पुढचे सगळे चुकते. ४००० माणसे ८८ तरांड्यांत म्हणजे सरासरी ४५, खलाशी वेगळे. माणशी दिवसाला चार लिटर धरले, पिण्याचे आणि शिजवण्याचे मिळून, तर एका तरांड्याला दिवसाला १८० लिटर. सात दिवसांचे १,२६० लिटर, म्हणजे सव्वा टन वजन, तेही नुसत्या सैनिकांचे. तांदूळ माणशी ६०० ग्रॅम धरले तर दिवसाला २७ किलो. तीस टनी गलबतात ही जागा माणसांच्या जागेतूनच काढावी लागते. पाणी एकाच मोठ्या पिंपात ठेवू नये. पिंप फुटले किंवा खारे पाणी शिरले तर सगळे गेले. मधल्या आकाराची भांडी तळाशी, मध्यरेषेवर, भाताच्या पेंढ्यात रुतवून ठेवावीत. शिजवणे दिवसातून एकदाच, नऊ ते बारा या पडझडीच्या वेळेत, वाळू भरलेल्या पेटीवर. तोफेच्या दारूची पिंपे चुलीपासून दुसऱ्या टोकाला. बाकी वेळ पोहे, गूळ, भाजलेले चणे.

फौज जहाजावर किंवा बेटावर खोळंबली की काय होते, याचे उदाहरण याच वाटेवर आहे. मुंबईचा ताबा घ्यायला १६६२ मध्ये आलेले सुमारे ४०० इंग्रज सैनिक पोर्तुगिजांनी ताबा न दिल्यामुळे कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरवले गेले. लढाई एकही झाली नाही. रोगराईने त्यांचा सरदार अब्राहम शिपमन गेला, आणि शेवटी मुंबईला पोचले ते शंभराच्या आसपास. ते मुंबईला पोचले तो महिना फेब्रुवारी १६६५, म्हणजे मराठ्यांचा ताफा याच पाण्यातून खाली गेला तोच. अंजदीव समोरून पार करताना आम्ही दोन्ही वर्षी थांबून पाण्याची बेरीज पुन्हा केली.

माणसे हे हलते वजन आहे, हे पायदळाच्या माणसाला लवकर पटत नाही. ४५ माणसे म्हणजे जवळजवळ अडीच टन. आग्वादचा किल्ला दिसला म्हणून सगळी एका अंगाला गेली, आणि त्याच वेळी दुपारच्या वाऱ्याचा पहिला झोत आला, तर लहान गलबत पाणी घेते. म्हणून बसायच्या जागा ठरवून द्याव्यात आणि उठायचे ते तिसऱ्या हिश्श्याने. घाटावरचा मावळा दोन दिवस उलट्या करणार, हे धरूनच चालावे. त्याला पाणी थोडे थोडे, पण सारखे द्यावे. तिसऱ्या दिवशी तो सावरतो. पाचव्या दिवशी त्याला उतरून लढायचे असते, हे ताफाप्रमुखाने विसरू नये.

आता रचना. पहिल्या वर्षी आम्ही पायदळाच्या सवयीने एकेरी रांग लावली. दोन तरांड्यांत १०० मीटर ठेवले तर ८८ तरांड्यांची रांग ८.७ किलोमीटर होते. डेकवर उभ्या माणसाचा डोळा पाण्यापासून चार मीटर उंच असेल तर क्षितिज साडेसात-पावणेआठ किलोमीटरवर असते. म्हणजे पहिल्याला शेवटच्याची नुसती शिडाची टोके दिसणार, आणि फेब्रुवारीच्या धुरकट दुपारी तीही नाहीत. तोफेचा आवाज टोकाला पोचायला पंचवीस सेकंद, तेही वारा आड आला नाही तर. अशी रांग घाटरस्त्यावर चालते, कारण रस्ता सगळ्यांना एकाच वाटेने नेतो. समुद्रात रस्ता नाही, आणि १०० मीटर म्हणजे फार काही नाही. ताशी चार मैल चालणारे तरांडे ते अंतर पन्नास सेकंदांत कापते. पुढच्याची परबाणाची (शीड बांधलेल्या तिरक्या दांड्याची) दोरी तुटली आणि शीड खाली आले, तर मागच्या सुकाण्याकडे पन्नास सेकंद आहेत. त्यातले वीस त्याला काय झाले ते कळण्यातच जातात.

दुसऱ्या वर्षी तुकड्या केल्या. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात पाच गुराबा (मोठी लढाऊ जहाजे) आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा, म्हणजे आरमाराची एक तुकडी, असे प्रमाण दिलेले आहे. ते बसरूरच्या मोहिमेनंतर पन्नास वर्षांनी लिहिलेले, पण ताफा सांभाळण्याच्या अनुभवातून आलेले आहे. वीसची एक तुकडी धरली तर चार तुकड्यांत ८० तरांडी बसतात. उरलेल्या आठांत तीन मोठी जहाजे आणि पाच चपळ गलबते ठेवावीत, ही आठ प्रमुखाच्या हाताशी. प्रत्येक तुकडी पाच-पाचच्या चार ओळींत. दोन ओळींत २०० मीटर, कारण वाऱ्याच्या वर, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, असलेल्या तरांड्याचे शीड खालच्याचा वारा खाते. १५ मीटर उंच डोलकाठीची वाऱ्यातली सावली शंभर मीटरपर्यंत सहज जाणवते. आमच्या पहिल्या रचनेत खालची ओळ सतत मागे पडायची. कारण शोधायला तीन संध्याकाळी लागल्या आणि कारण एवढेच निघाले.

प्रमुखाने स्वतः कुठे राहावे, यावर आमच्यात सर्वात जास्त चर्चा झाली. पायदळात तो पुढे असतो. शिडाच्या ताफ्यात त्याची जागा वाऱ्याच्या वरच्या अंगाला, मध्याच्या थोडी मागे. वाऱ्याच्या वर असलेले जहाज खाली केव्हाही उतरू शकते, खाली असलेले वर चढू शकत नाही. कुणी अडचणीत आले तर खाली उतरायला मिनिटे लागतात, वर चढायला प्रहर. पुढे दुय्यम सरदार असावा. आणि हे दोघे एका जहाजावर कधीही नसावेत. डिसेंबर १७९६ मध्ये फ्रेंचांनी ब्रेस्टहून आयर्लंडवर सुमारे १५,००० फौज पाठवली. सेनापती होश आणि आरमारप्रमुख मोरार द गाल हे दोघेही फ्रातेर्निते या एकाच फ्रिगेटवर होते. ती ताफ्यापासून तुटली. बाकीची बरीच जहाजे बँट्रीच्या खाडीपर्यंत पोचली, पण हुकूम द्यायला दोघांपैकी कुणीच नाही. पूर्वेचे वादळी वारे समोरून, आणि एकही माणूस न उतरवता ताफा परतला.

हळू तरांड्याचा प्रश्न सगळ्यात कठीण, आणि तो निघायच्या आधीच सोडवावा लागतो. सत्याऐंशी तरांडी ताशी चार मैल चालतात आणि एक अडीच. एका प्रहरात ते साडेचार मैल मागे पडते, म्हणजे नजरेआड. दिवसाअखेर फरक जवळजवळ वीस मैलांचा. तिथून पुढे दोनच मार्ग: सगळ्यांनी अडीचने चालायचे किंवा ४५ माणसे सोडून द्यायची. पंढरीच्या दिंडीत म्हातारा वारकरी मागे राहिला तर त्याला पुढच्या मुक्कामाचे गाव माहीत असते. इथे गाव नसते.

म्हणून आठवडाभर आधी मालवण ते निवती आणि परत अशी फेरी सगळ्या तरांड्यांकडून करून घ्यावी आणि वेळ लिहावी. तळ खरवडलेला नसेल, शेवाळ आणि शंख-शिंपले धरले असतील तर तरांडे हळू चालते. अशी उधाणाच्या भरतीला वाळूवर घ्यावीत, ओहोटीत खरवडून चुना आणि तेलाचा लेप द्यावा. तरीही जी हळू राहतील ती रचनेत सर्वात पुढे आणि वाऱ्याच्या वर ठेवावीत, चपळ मागे. सवय याच्या उलट सांगते. पण चपळ तरांडे मागे पडले तर गाठू शकते, हळूला ते जमत नाही. अगदीच हळू असलेल्यातून माणसे काढावीत आणि त्यात फक्त पाणी, लाकूड, तांदूळ भरावा. ते हरवले तर नुकसान मोठेच, पण भरून निघणारे.

दोरीने ओढून नेणे हा शेवटचा उपाय. दोर शंभर मीटरच्या आसपास हवा आणि पाण्यात थोडा झोल राहिला पाहिजे. ताणलेला दोर लाटेवर हिसका देतो आणि ओढणाऱ्याचा खुंटाच उपटतो. वारा पडला की गलबतांनी वल्ही मारून मोठ्या गुराबा ओढायच्या, ही त्या काळची रीतच होती. मोठ्या गलबताला चाळीस-पन्नास वल्ही असत. पण वल्ह्यांवरचा माणूस दुप्पट पाणी पितो, ते हिशेबात धरा.

खुणांची यादी लांब करू नये. आम्ही वीस खुणांनी सुरुवात केली आणि आठांवर आलो: निघा, थांबा, वेग कमी, उजवे वळण, डावे वळण, नांगर टाका, सरदारांनी इकडे या, आणि धोका. निशाण वर चढले म्हणजे हुकूम कळवला. चारही तुकड्यांनी तेच निशाण आपापल्या काठीवर चढवून पोच दिली, की मूळ निशाण खाली ओढायचे, आणि खाली आले तो अंमलाचा क्षण. मधल्या पोचेशिवाय हुकूम दिला तर दोन तुकड्या वळतात आणि दोन सरळ जातात. वळण घेताना असे झाले तर टक्कर ठरलेली. शिडाच्या मागे निशाण दिसत नाही, म्हणून पाच चपळ गलबतांपैकी दोन कायम रचनेच्या बाहेर, बाजूला ठेवावीत. त्यांचे काम फक्त निशाण पुढे पोचवणे.

रात्रीसाठी आम्ही राजहंसगडावर कंदील लावून, खाली येळ्ळूरच्या शिवारातून पाहिले. एक कंदील लांबूनही दिसतो, पण दोन कंदील एक हात अंतराने टांगले तर किलोमीटरवरून ते एकच दिसतात. खूण करायची असेल तर दोघांत निदान दोन मीटर हवेत, तेही काठीला आडवा बांबू बांधून. 

पण रात्रीचा खरा धोका दिवा न दिसण्याचा नसतो, तो दिसण्याचा असतो. मागचे सगळे पुढच्या दिव्यामागे येतात. एप्रिल १८०४ मध्ये अपोलो ही ब्रिटिश फ्रिगेट साठांहून अधिक व्यापारी जहाजे घेऊन वेस्ट इंडीजला निघाली होती. ती पोर्तुगालच्या किनाऱ्यावर आपटली, आणि तिच्यामागोमाग दोन डझनांहून जास्त जहाजेही. जहाजावर लोखंडी टाकी चढवली होती, तिने होकायंत्र बिघडले आणि त्याची दुरुस्ती हिशेबात धरली नव्हती, असे कारण सांगितले गेले. कारण काहीही असो, पुढच्याची चूक मागच्यांनी तपासली नाही. म्हणून आमचा नियम: प्रत्येक तुकडीचा तांडेल अंधारात स्वतः पाणी मापणार. शिशाच्या गोळ्याच्या तळाला चरबी लावायची, म्हणजे खोलीबरोबर तळ गाळाचा, वाळूचा की खडकाचा हेही वर येते. वीस मीटरच्या आत आला की प्रमुखाला न विचारता धोक्याची खूण, आणि बाहेर. वेंगुर्ल्यासमोरचे खडक तर रात्री पार करूच नयेत. तिथे उजेडात पोचायचे, नाहीतर आधीच नांगरायचे.

फाटाफूट झाली तर भेटायची जागा प्रत्येक तांडेलाला निघण्याआधी ठाऊक हवी. एक नव्हे, दोन: आधी पहिली, तिथे एक दिवस वाट पाहून दुसरी. आम्ही दुसरी जागा मुरुडेश्वरसमोरचे नेत्राणी बेट धरली. नांगरायला ते चांगले नाही, पण लांबून ओळखू येते.

नांगरण्याची जागा नकाशावर जेवढी वाटते त्याच्या कितीतरी पट लागते. आठ मीटर पाण्यात पन्नास मीटर दोर सोडला तर तरांडे त्याभोवती फिरते. दोन नांगरांत १४० मीटर हवेत. अठ्ठ्याऐंशींना सव्वाशे-दीडशे एकरांत बसवायचा मोह होतो. हिशेब पावणेदोन चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे सव्वाचारशे एकर. किनाऱ्यावरच्या बहुतेक लहान खाड्या इथेच बाद होतात.

बसरूर नदीत आत आहे, आणि कुंदापूरच्या मुखाशी वाळूचा बांध. त्यावर भरतीलाच पाणी असते. दुपारच्या खाऱ्या वाऱ्याबरोबर आणि चढत्या भरतीवर आत जायचे, पहाटेच्या मतलईबरोबर आणि ओहोटीवर बाहेर पडायचे, हा एकच सोयीचा मेळ. दुपारी चारला पूर्ण भरती असेल तर पुढची पहाटे साडेचारच्या आसपास, आणि तिथून ओहोटी साडेदहापर्यंत. मेळ बसतो. पण भरती रोज जवळजवळ पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तीन ते सहा ही वेळ धरली तर पंधरवड्यात फार तर चार दिवस हाती लागतात. हळू तरांड्याने दोन दिवस खाल्ले की त्यातले अर्धे गेले. पहिल्या वर्षी आमचा ताफा सहाव्या दिवशी पोचला, भरती रात्री आठला, वारा पडलेला, आणि बांधावर अंधारात ८५ चिंचोके. आम्ही ती चाल खेळली नाही. तीन मोठी जहाजे मात्र दोन्ही वर्षी बाहेरच ठेवली.

इथपर्यंत उतार होता. आता चढण.

मालवणहून कुंदापूर आग्नेयेपेक्षा दक्षिणेकडे जास्त झुकलेले आहे. परतीची दिशा उत्तर-वायव्य. दुपारचा वारा येतो तो वायव्येकडून, म्हणजे जायचे त्याच्या जवळजवळ नाकावर, फरक वीस अंशांच्या आत. शिडाचे तरांडे वाऱ्याच्या तोंडावर जात नाही, नागमोडी जाते. भरलेले गलबत, बाजूला वाहून जाणे धरून, वाऱ्याशी सत्तर अंशांचा कोन साधते असे मानले, तर १६० मैलांसाठी सुमारे ४४० मैल पाणी कापावे लागते. शिवाय प्रत्येक वळणाला लांब तिरकस परबाण डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावे लागते. त्यासाठी वाऱ्याकडे पाठ करून वळायचे, म्हणजे कमावलेले थोडे पुन्हा गमावायचे. एक तरांडे हे करू शकते. वीसांची तुकडी एकदम करते तेव्हा ज्याला वळायला उशीर झाला तो शेजारच्याच्या वाटेत उभा असतो. आणि वारा किनाऱ्याकडे ढकलणारा, चूक झाली तर जायला जागा एकच: खडक.

पहिल्या वर्षी आम्ही ताफा तसाच भरलेला परत काढला. चौथ्या दिवशी नकाशावर तो भटकळच्या समोर होता, निघाल्यापासून पंचवीस मैलांच्या आतबाहेर. पाणी तीन दिवसांचे उरले होते.

उपाय वाऱ्याच्या वेळापत्रकात आहे. मतलई पूर्वेकडून येते, उत्तर-वायव्येला जाणाऱ्याच्या उजव्या अंगावर, आणि तीच शिडाला सगळ्यात मानवणारी. पहाटे तीन ते नऊ, किनारा धरून, ताशी तीन मैलांनी अठरा मैल. नऊला वल्ही, आणि बाराच्या आत कुठल्यातरी भूशिराच्या दक्षिणेला, वायव्येच्या आड, नांगर. दुपारभर हलायचे नाही. असे केले तर मालवण नऊ दिवसांवर येते. पण याला दोन अटी. रोज अठरा मैलांवर सव्वाचारशे एकरांचा आडोसा हवा, तो सगळ्या ताफ्याला मिळत नाही, तुकड्या वेगळ्या कराव्या लागतात. आणि वायव्येचा वारा दिवसरात्र जोरात लागला की मतलई येतच नाही. या महिन्यात असे दिवस येतात. मग ताफा जिथे असेल तिथे बसतो, आणि ४५ माणसे रोज १८० लिटर पितच राहतात.

या जागेवर गोकर्णाचा निर्णय उभा राहतो. महाराजांच्या मनात काय काय होते ते आम्ही सांगू शकत नाही. अंकोला, कारवार ही ठाणीही वाटेत होतीच. पण नुसत्या दर्याच्या हिशेबाने आम्ही दुसऱ्या वर्षी तिथेच येऊन थांबलो. माणसे उतरवली की तरांडी हलकी होतात, पाण्याची चिंता संपते, रिकामा ताफा तुकड्यातुकड्यांनी मतलईवर चढू शकतो. खोळंबला तरी खलाशांपुरताच. फौज पायाने चालते, आणि पायाला वाऱ्याची दिशा लागत नाही. तिला अडवतात त्या नद्या, आणि नद्यांसाठी बारा तरांडी.

ती बाराही आम्ही मांडून पाहिली. गोकर्ण आणि अंकोला यांच्यामध्ये गंगावळी. एका खेपेला ४५ प्रमाणे ५४० माणसे पलीकडे जातात. चार हजारांना आठ खेपा. खेपेला चाळीस मिनिटे धरली तर पाच तास वीस मिनिटे, म्हणजे एक ओहोटी जवळजवळ पूर्ण. मुखाशी ओहोटीचा ओढ बाहेर असतो, म्हणून उतरण्याची जागा आत, नदी अरुंद होते तिथे घ्यावी आणि भरती संपता संपता सुरुवात करावी. सात खेपांत ३,७८० माणसे उतरतात. आठव्या खेपेला उरतात २२०, त्यांना पाच तरांडी पुरतात. बाकीची सात तोवर रिकामी करून काळी नदीच्या मुखाकडे सोडावीत. कारवारच्या पुढे फौजेला तीच लागणार आहेत, आणि तिथवर मतलईचा एक दिवस आहे.